पाड्यावर दवाखान्याचा निर्णय कोण घेतं? नातीगोती ओळखून आरोग्याचं काम करण्याची रीत

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या आशाताईंकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘सांगून सांगून तोंड दुखलं. बाई हो म्हणते, पण दवाखान्यात काही येत नाही.’ बाईला पटलेलं असतं. पण तापलेलं पोर उचलून निघायचं तर सासूला विचारायला हवं, सासूला थोरल्या दिराचं मत हवं, पैसे नवऱ्याकडे आणि नवरा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. समजावलं जातं बाईला आणि ठरवतं तिसरंच कुणी.

आफ्रिकेतल्या खेड्यांत या प्रश्नावर बरंच बारकाईने काम झालं आहे आणि ते आपल्याला वापरता येतं. उत्तर घानातल्या नवरोंगो भागात आजारी मूल दवाखान्यात न्यायचं तर आईला नवऱ्याची आणि एकत्र वाड्याच्या प्रमुखाची परवानगी लागायची. प्रमुख आधी कौल लावणाऱ्याकडे जायचा. १९९४ पासून तिथे दोन गोष्टी करून पाहिल्या. काही भागांत नर्सला गावातच राहायला पाठवलं. काही भागांत गावप्रमुख, कुळांचे म्होरके आणि पुरुषांच्या बैठका यांच्यामार्फत काम केलं. नर्स गावात राहायला आल्यावर मुलांचे मृत्यू कमी झाले. पाळणा लांबवण्याच्या बाबतीत मात्र जिथे नर्सही होती आणि पुरुषांच्या बैठकाही होत्या तिथेच खरा फरक पडला. सोय आणि संमती दोन्ही जुळावं लागतं, हे त्यातून दिसलं आणि पुढे घानाने त्यावरच आपला देशपातळीवरचा कार्यक्रम उभा केला.

खालची पद्धत ४० ते ६० घरांच्या एका पाड्यासाठी आहे. दोन माणसं लागतात, त्यात एक बाई हवीच. नकाशा आणि विचारपूस यांना तीन ते चार आठवडे लागतात. पुढचं काम सहा महिन्यांचं.

कधी जायचं

आषाढात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत जाऊ नका. सगळे चिखलात असतात आणि संध्याकाळी बोलायचं त्राण कुणात उरत नाही. दिवाळीनंतर निम्मा पाडा भट्टीवर, रेतीवर किंवा बांधकामावर गेलेला असतो आणि घरी म्हातारी माणसं व शाळेतली मुलं उरतात. आवणी उरकल्यापासून भातकापणी सुरू होईपर्यंतचे सहा-सात आठवडे सगळ्यात बरे. वेळ संध्याकाळी सातनंतरची. दुपारी गेलात तर फक्त बाळंतिणी आणि आजारी माणसं भेटतील आणि तेवढ्यावरून काढलेला नकाशा चुकेल.

सोबत मोठे पांढरे कागद चार, तीन रंगांचे स्केचपेन, वालाचे पंचवीस-तीस दाणे आणि दोन वह्या. एक वही नकाशाची, ती पाड्याची. दुसरी आजारपणाच्या नोंदींची; ती कुणालाही दाखवायची नाही आणि तिच्यात नावाऐवजी घरक्रमांक लिहायचा.

नकाशा

पहिल्या दिवशी फक्त घरं, विहीर किंवा नळ, दुकान, गावदेव, अंगणवाडी आणि डांबरी रस्त्याला लागणारी वाट काढून घ्या. हा कागद मुलांकडून जमिनीवर पसरून काढून घेतला तर मोठी माणसं आपणहून जवळ येऊन चुका दुरुस्त करतात. मग तीन रंग: हिरव्या रेघेने भावकी, निळ्याने सोयरीक, लाल रेघेने उसनं-पासनं, म्हणजे अडीनडीला कोण कुणाकडे तांदूळ किंवा पैसे मागतं. लाल रेघा चारचौघांत विचारू नका. त्या नंतर एकेका घरी बसून, चुलीपाशी बायकांकडून समजतात.

नकाशा पुरा झाला की दोन गोष्टी शोधा. एक, ज्या घराकडे लाल रेघा सगळ्यात जास्त जातात ते घर. दोन, ज्याला एकही लाल रेघ नाही ते घर. दुसरं घर बहुधा कडेला असतं: माहेरी परत आलेली बाई, एकटी म्हातारी, कातकऱ्याचं एकटंच घर ठाकूर पाड्याच्या टोकाला. आजारपणात सगळ्यात उशीर तिथे होतो, कारण हाक मारायला कुणी नसतं.

‘निर्णय कोण घेतं?’ असं विचारू नका

विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘आम्ही सगळे मिळून.’ त्याऐवजी घडलेल्या आजारपणाची हकिगत घड्याळ लावून ऐका. ‘शेवटचं पोर आजारी पडलं तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? त्यांनी कुणाला सांगितलं? ते काय म्हणाले? मग काय केलं? पैसे कुठून आले? बाकीची पोरं कुणाकडे ठेवली?’ प्रत्येक टप्प्यावर वेळ लिहा. घड्याळ नसेल तर ‘कोंबडा आरवायच्या आधी की नंतर’, ‘पहिली एसटी गेली होती का’, असं विचारा.

समजा, आठ महिन्यांच्या मुलाची नोंद अशी आली. संध्याकाळी सातला अंग तापलं, आईने पाहिलं. नऊला सासू म्हणाली, दात येतायत. रात्री एकला मूल अंगावर घेईना. पहाटे पाचला भगताकडे नेलं, त्याने तांदळाचे दाणे बघितले. आठला नवऱ्याला फोन. तो म्हणाला, मुकादमाकडून पैसे घेऊन पाठवतो, ने. अकरापर्यंत पैसे आले नाहीत, मग चुलत जावेने पाचशे रुपये दिले. बाराला जीप मिळाली. सव्वाला ग्रामीण रुग्णालय.

सव्वाअठरा तास. त्यातले तेरा तास निघायचं ठरवण्यात गेले, चार तास पैसा आणि गाडीत, आणि सव्वा तास रस्त्यात. बाळंतपणातले मृत्यू उशिराच्या तीन टप्प्यांत कसे घडतात, म्हणजे ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचाराला उशीर, याची मांडणी १९९४ साली झाली आणि आफ्रिकेत ती फार वापरली गेली. तीच इथे लावायची. अशा दहा-बारा हकिगती झाल्या की पाड्याचा कल दिसतो. कुठे सासूपाशी अडतं, कुठे भगतापाशी, कुठे गाडीपाशी. गाडीपाशी अडत असेल तर सासूला समजावण्यात महिने घालवू नका.

रीत आहे की नुसती सवय? दाण्यांनी तपासा

माणसं एखादी गोष्ट तीन कारणांनी करतात: स्वतःला बरी वाटते म्हणून, सगळे तसंच करतात असं वाटतं म्हणून, किंवा नाही केलं तर चार लोक नावं ठेवतील म्हणून. तिन्हींवर इलाज वेगळा आहे. ते ओळखायला वालाचे दहा दाणे पुरतात.

उदाहरण पहिल्या चिकाच्या दुधाचं घ्या. सुनेला एकटीला, सासू पाण्याला गेलेली असताना, विचारा: ‘या पाड्यातल्या दहा बाळंतिणींपैकी किती जणींनी पहिल्या तासात बाळाला अंगावर घेतलं असेल? तेवढे दाणे बाजूला काढ.’ मग: ‘दहा सासवांपैकी किती जणी म्हणतील, असं करू नये?’ आणि शेवटी: ‘एखादीने तरीही पाजलं तर काय होईल?’ याच प्रश्नांची फेरी सासवांसोबत वेगळी करा. खरा आकडा आशाताईच्या नोंदवहीत असतोच.

आता तुलना. सुना म्हणतात ‘दहातल्या तीन’, नोंदवहीत सात निघतात: म्हणजे बहुतेक जणी पाजतात, पण प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच. इथे उपदेश नको. बारशाला किंवा गाव आरोग्य पोषण दिवसाला सात आयांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं की काम होतं. सुना म्हणतात ‘आठ सासवा विरोध करतील’ आणि सासवांच्या फेरीत दोनच निघतात: म्हणजे भीती जुनी आहे, आता ती धरून ठेवणारं कुणी नाही, सासवांना सुनांसमोर बोलतं करा. आणि ‘काय होईल?’ याचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर ती रीत नाहीच. मग अडचण कदाचित एवढीच की बाळ जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या खोलीत नेलं जातं.

यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, सून आणि सासू एकत्र बसवून विचारणं. दोघींचे दाणे सारखेच निघतात आणि ते सासूचे असतात. दुसरी जास्त घातक: ‘आपल्याकडे अजून निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात’ असं भिंतीवर लिहिणं. वाचणाऱ्याच्या मनात एवढंच उरतं की निम्मे लोक करतात, मग मी केलं तर काय बिघडलं.

सोयरिकीची हद्द

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक कार्यक्रमांत सुटतो. सेनेगलमधल्या मालिकुंदा बाम्बारा गावातल्या बायकांनी ३१ जुलै १९९७ रोजी मुलींची सुंता बंद करण्याचं जाहीर केलं. शेजारच्या गावांनी त्यांच्यावर राग धरला. केर सिंबारा गावच्या देंबा दियावारा या इमामांनी दाखवून दिलं की चूक कुठे होते आहे: आमच्या मुली एका गावात दिल्या जात नाहीत, सोयरीक अनेक गावांत आहे, एकट्या गावाने सोडलं तर त्याच्या मुलींना कोण करणार? मग ते स्वतः आपल्या नातलगांच्या गावोगाव गेले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू इथे तेरा गावांनी एकत्र निर्णय जाहीर केला. या गावांत बायकांचे शिक्षणवर्ग चालवणाऱ्या तोस्तान संस्थेचं पुढचं काम याच धड्यावर उभं राहिलं.

आपल्याकडे लग्नाचं वय, लग्नातली दारू, लग्नानंतर वर्षाच्या आत मूल हवं हा हट्ट, हे सगळं असंच सोयरिकीला बांधलेलं आहे. म्हणून पाड्यात गेल्या पाच वर्षांत आलेल्या शेवटच्या दहा सुनांची माहेरं आणि दिलेल्या शेवटच्या दहा मुलींची सासरं लिहून काढा. वीस नावांत पाच ते सात पाडे पुन्हापुन्हा येतात. त्यातले काही दुसऱ्या तालुक्यात, काही पालघर जिल्ह्यात पडतात. सरकारी कागदावर ते वेगळे. मुलीच्या बापाच्या मनात तो एकच गाव. लग्नाच्या वयाबद्दल एकाच पाड्यात ठराव करून घेतलात तर तो कागदावर राहील, कारण ‘आम्ही थांबलो तर चांगलं स्थळ हातचं जाईल’ ही भीती खरी आहे. पाच-सात पाड्यांचे जाणते एकत्र बसतील तेव्हाच ती जाते. पाड्यापाड्यांत निरोप न्यायला बाहेरचा कार्यकर्ता नको, सोयऱ्यातला माणूस हवा. वारल्यांमध्ये लग्न लावणाऱ्या धवळेरीला या बैठकीत मानाने बोलवा. लग्नघरी तिच्या शब्दाला वजन आहे.

माणसं कशी निवडायची

सरपंचाने दिलेल्या यादीवरून निवडू नका. प्रत्येक घरातल्या बाईला एकच विचारा: ‘रात्री-बेरात्री जीव घाबरा झाला तर पाड्यात कुणाचं दार वाजवशील? तीन नावं सांग.’ साठ घरांची नावं मोजली की चार-पाच जणी आपोआप पुढे येतात. त्या बहुधा पन्नाशीच्या पुढच्या असतात, काही निरक्षर, एखादी जुनी सुईण. त्याच घ्या.

झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत चौदा आज्यांना घेऊन ‘मैत्रीचा बाक’ सुरू केला, तो याच भरवशावर. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक, त्यावर आजी. नैराश्य हा शब्दच वापरला नाही. लोकांचा शोना भाषेतला शब्द वापरला, कुफुंगिसिसा, म्हणजे अति विचार करणं. सहा भेटी, पहिल्या भेटीत मन मोकळं करायचं, सगळ्या अडचणी मोजायच्या, त्यातली एक निवडायची आणि पुढच्या भेटीपर्यंत जमेल असं एक छोटं पाऊल ठरवायचं. ५७३ जणांवर केलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी आजीकडे गेलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा बरीच कमी होती. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पाड्यावर हे करताना बाक नसला तरी चालतो, ओटा पुरतो. शब्द मात्र इथलेच: ‘डोक्यात विचार फिरतात’, ‘जीव कशात लागत नाही’, ‘झोप उडाली’. आजीने सल्ला देत सुटू नये हे तिला शिकवावं लागतं आणि तेच सगळ्यात अवघड जातं. एक प्रश्न मात्र तिने विचारलाच पाहिजे: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हो म्हटलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध आणि दोर घरातून हलवायचा, त्याच दिवशी सिस्टरला कळवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

बाकी निरोपांसाठी मोझांबिकची रीत घ्या. १९९५ मध्ये गाझा प्रांतात सुरू झालेल्या काळजी गटांत एका बाईकडे दहा ते पंधरा घरं असतात, जास्त नाहीत. साठ घरांना पाच बायका. दर पंधरा दिवसांनी त्या आशाताईसोबत बसतात, एकच विषय शिकतात आणि मधल्या काळात आपापल्या घरांत तो एकच विषय नेतात. एका बाईला पंचवीस घरं दिली की ती आधी आपल्या भावकीत जाते आणि कडेचं घर पुन्हा सुटतं.

भगत, विधी आणि काय बदलायचं

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११,००० हून अधिक माणसं नेली. मृताला हाताने आंघोळ घालणं हे पसरण्याचं एक मोठं कारण होतं, कारण मृतदेहातून लागण फार होते. सुरुवातीला पथकं यायची, देह पिशवीत घालून न्यायची. लायबेरियात तर ऑगस्ट २०१४ मध्ये दहनाची सक्ती झाली. लोकांनी आजारी माणसं आणि मृतदेह लपवले. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानाच्या दफनाची नवी पद्धत दिली: घरच्यांनी अंतर राखून उभं राहायचं, प्रार्थना करायची, कबरीवर नाव लावायचं, मुसलमानांसाठी पाण्याऐवजी कोरडं शुद्धीकरण. विधी राहिला, फक्त स्पर्श गेला.

इथेही विधीचे तुकडे पाडा आणि अपाय करणारा तुकडाच बाजूला काढा. बाळंतिणीच्या पाचवीला हात लावू नका. नाळेवर राख किंवा शेण लावणं थांबवा. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. शेक द्यायचा असेल तर निखारे अंगणात फुलवून, धूर गेल्यावर आत आणा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. बंद झोपडीतला धूर बाळाच्या छातीला बाधतो, आणि धूर नसला तरी निखाऱ्यांचा न दिसणारा वायू जीव घेऊ शकतो.

भगताशी करार साप आणि तान्हं बाळ या दोनच बाबतींत करा, पण पक्का करा. त्याच्या घरी जा, पाणी घ्या, त्याच्या कामाचा मान ठेवा. साप चावला की आधी १०८ ला फोन आणि गाडी; मंत्र गाडीत बसून किंवा परत आल्यावर. घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा. त्याला मण्यार नीट समजावून सांगा: रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, दुखणं जवळपास नाही, पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. ‘बाहेरचं’ समजून आलेला हा माणूस भगताच्या ओट्यावर जातो, म्हणून ही ओळख भगताला असणं जीव वाचवतं. तान्ह्या बाळाचं: दूध ओढत नाही, अंग गार पडलं किंवा तापलं, झटके आले, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, यातलं एकही दिसलं की भगताने स्वतः म्हणायचं, ‘आधी दवाखाना, मग माझ्याकडे.’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं की सासूचे तेरा तास अर्ध्यावर येतात.

झोळी आणि पैसा

नैऋत्य युगांडात रुग्णाला वाहून नेणारी एन्गोझी मंडळं आहेत. घरटी वर्गणी, पाळी ठरलेली, जो पाळी चुकवेल त्याला दंड. किसीझी रुग्णालयाने १९९६ मध्ये विमा सुरू केला तो या मंडळांवरच. आपल्याकडे पावसाळ्यात झोळी उचलणारे लोक असतातच, फक्त यादी नसते. आठ जणांची यादी करा, चार-चारच्या दोन पाळ्या. बांबू आणि जाड चादर एका ठरलेल्या घरी. घरटी महिना २० रुपये म्हणजे साठ घरांचे १२०० रुपये. डबा एकीकडे, किल्ली दुसरीकडे. जीपवाल्याशी भाडं आधी ठरवा आणि रात्रीचं वेगळं ठरवा. पैसे न भरलेल्या घरालाही गाडी मिळेल हे पहिल्याच बैठकीत मान्य करून घ्या, नाहीतर कडेचं घर पुन्हा सुटतं.

यादी वर्षातून दोनदा करावी लागते. दिवाळीनंतर ते आठ जण पाड्यावर नसतात आणि भट्टीवर निर्णयाची साखळीच बदलते: उचल घेतलेली असते म्हणून सुट्टी आणि पैसा दोन्ही मुकादमाच्या हातात. निघण्याआधी गरोदर बायकांच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड, भट्टीजवळच्या आशाताईचा फोन नंबर आणि मुकादमाचा नंबर तुमच्या वहीत, एवढं झालंच पाहिजे.

अफवा

२००३ मध्ये नायजेरियाच्या कानो राज्यात लसीबद्दलच्या संशयावरून पोलिओची लस थांबली आणि विषाणू अनेक देशांत पुन्हा पसरला. त्या संशयामागे १९९६ मध्ये कानोतच आजारी मुलांवर झालेल्या औषधचाचणीची आठवण होती. गाडं पुढे सरकलं ते इंडोनेशियातून, म्हणजे विश्वास बसेल अशा मुसलमानबहुल देशातून, लस आणल्यावर आणि पारंपरिक राजे-इमाम पुढे आल्यावर. आफ्रिका खंड जंगली पोलिओमुक्त जाहीर झाला तो २५ ऑगस्ट २०२० रोजी.

अफवा कानावर आली की तिचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा आणि विचारा, ‘याआधी असं काय झालं होतं?’ बहुधा एखादं खरं दुखणं निघतं: शस्त्रक्रियेनंतर कुणी विचारपूस केली नाही, दवाखान्यात अंगावर ओरडले. त्या घटनेची दखल घेतल्याशिवाय लसीचं बोलूच नका.

सहा महिन्यांनी

तेच दाणे, त्याच बायकांपुढे. नव्या पाच-सहा आजारपणांच्या हकिगती, पुन्हा घड्याळ लावून. पहिलं लक्षण ते घर सोडणं यातले तास मोजा. गटाच्या बैठकांना पाड्यातल्या गरोदर बायकांपैकी किमान तिसरा हिस्सा येतो का, तेही बघा. मलावी, भारत, नेपाळ आणि बांगलादेशातल्या महिला गटांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा साधारण ३० टक्के गरोदर बायका बैठकांना येत होत्या तिथेच आया आणि बाळं जास्त वाचली. हजेरी कमी असेल तर बैठकीची जागा तपासा: एका भावकीच्या अंगणात बैठक असेल, तर दुसऱ्या भावकीच्या सुना येणार नाहीत. पुढची बैठक विहिरीपाशी घ्या.